त्याचा उजवा खांदा

आमच्या मंडळीत पैलवान म्हणावा असा मी एकटाच. मंडळी म्हणजे मिरजेतल्या आमच्या चर्चची मंडळी: नर्सा, कंपाउंडर, शिक्षक, वसतिगृहात भाकऱ्या थापणाऱ्या बाया. या लोकांची पोरं फार तर बॅडमिंटन खेळायची, नाहीतर नाताळच्या सुट्टीत क्रिकेट. मी मात्र चौदाव्या वर्षापासून तालमीत जात होतो आणि विशीपर्यंत दोन्ही कान फुटून त्यांच्या गाठी झाल्या होत्या. आईला माझ्या कानांचं फार वाईट वाटायचं. "देवानं चांगले दिले होते," म्हणायची.

आमचे वस्ताद मुसलमान. त्यांच्या घरी तंबोऱ्याचे भोपळे तासायचं काम चाले. तालमीच्या भिंतीला लागूनच ते भोपळे वाळत पडलेले असत आणि कुणी दंगा केला की वस्ताद बसल्या जागेवरून म्हणत, "भोपळा फुटला तर तुजं डोस्कं लावीन तंबोऱ्याला." बाकीचे मारुतीला नमस्कार करून हौद्यात उतरत. वस्ताद आणि मी नुसती माती कपाळाला लावायचो आणि आपापल्या देवाशी काय बोलायचं ते मनात बोलायचो. त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही.

वस्ताद शिकवायचे कमी आणि करून घ्यायचे जास्त. पहिले सहा महिने त्यांनी मला फक्त पडायला शिकवलं. "पाठीवर पडला त्यो गेला. कुशीवर पडला त्यो उठतोय." मग डावांच्या तोडी. एकच तोड रोज सकाळी, अंगाचं पाणी होईपर्यंत. मी कंटाळलो की म्हणायचे, "डाव बसल्यावर तोड आठवत न्हाई रं. ती आदीच अंगात पायजे."

ही वाक्यं मी घरी येऊन सांगायचो, आई ती चर्चच्या पाळकसाहेबांना सांगायची आणि पुढच्या रविवारी ती उपदेशातून माझ्याच अंगावर यायची. पाळकसाहेबांना खेळ कळत नव्हता, पण दृष्टान्त कळायचा. मोह हा समोरचा पैलवान, प्रार्थना ही रोजची मेहनत, पडलात तरी पाठ टेकू देऊ नका, असं ते सांगत आणि बाकांवरची माणसं वळून माझ्याकडे बघत. मी खाली बघायचो, पण आतून फुगलेला असायचो. दारू नाही, तंबाखू नाही, सिनेमा वर्षातून एखादा. मोह म्हणजे बाटली, बाई नाहीतर जुगार, आणि तो लांबून येतानाच ओळखू येतो, अशी माझी बावळट समजूत होती.

पोटासाठी मी एका हाडांच्या दवाखान्यात कामाला होतो. एक्स-रेला लोक फोटो म्हणतात; माझं काम त्या फोटोंचं. पेशंटला टेबलावर झोपवायचं, दुखरा भाग सरळ ठेवायचा, "श्वास रोखा" म्हणायचं, बटण दाबायचं आणि मग अंधारखोलीत लाल दिव्याखाली फिल्म एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवत बसायचं. त्या औषधाचा आंबूस वास जेवतानाही हाताला यायचा.

तो आला एका दुपारी, एकटाच. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेविशीचा, तो माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान असेल. दारातून आत येताना त्याला थोडं तिरकं व्हावं लागलं, एवढी छाती. मी त्याच्या कानांकडे पाहिलं, त्यानं माझ्या. दोघंही हसलो. फुटलेले कान काही लपत नाहीत.

"कुटली तालीम?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो साताऱ्याच्या अलीकडच्या एका गावचा होता. सातारा सोडून इतक्या लांब मिरजेला का आलास, असं विचारलं, तर म्हणाला, "तितं दावलं असतं तर सांजंपातूर समद्या तालमींत बोभाटा झाला असता."

दुखणं उजव्या खांद्याचं. मी त्याला झोपवला, खांद्याखाली हात घालून तो बेतानं सरळ केला. एवढा मोठा गडी, पण मी हात धरल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. फिल्म धुऊन झाली तेव्हा डॉक्टरांनी ती ओलीच उजेडावर धरली.

"किती वेळा निखळलाय?"

"तीनदा."

"हाडाला खाच पडलीय. हात वर जाऊन मागे ओढला गेला की पुन्हा निखळणार. आणि दर वेळेला जास्त वाईट. कुस्ती बंद करायची."

तो फिल्मजवळ सरकला. मग म्हणाला, "सायेब, येक जत्रा तेवडी करू द्या. म्होरल्या म्हैन्यात भरती हाय. पलटणीला पैलवान पायजेत. आजा, चुलता, थोरला भाऊ, समदी पलटणीत. मी येकटाच घरी ऱ्हायलोय. फडात चांगली कुस्ती दावली तर गावचं सुभेदार सोता न्हेऊन हुबं करनार हायती."

डॉक्टर मान हलवून निघून गेले. त्यांना दिवसाला अशी चार माणसं भेटत.

तो माझ्याकडे वळला. "पैलवान, ह्यो फोटो घरी न्हेला तर आईला दिसंल. हितंच ऱ्हाऊ द्या. आन् कुनाला बोलू नगा."

"नाही बोलणार."

"देवाची आन घ्या."

"आमच्यात शपथ घेत नाहीत," मी म्हणालो. "ख्रिस्ती माणसानं नाही म्हटलं म्हणजे नाहीच." हे म्हणताना मला जी ऐट वाटली होती, ती आजही आठवते आणि कानशिलं तापतात.

त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग डावा हात माझ्या पाठीवर टाकला. "मग झालं तर," म्हणाला आणि गेला.

शब्द मी पाळला. वस्तादांना सांगितलं नाही, आईला नाही, तालमीतल्या एकालाही नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. एवढी मोठी बातमी पोटात ठेवून हिंडतोय आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही, म्हणजे काय साधी गोष्ट आहे? फिल्म पाकिटात घालून, नंबर टाकून, मी कपाटात लावून ठेवली होती.

आठवडाभरानं दुसरा कुणाचा फोटो शोधताना ते पाकीट हाताला आलं. मी फिल्म काढली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. काम नव्हतं, कुणी मागितली नव्हती. नुसती बघायला लावली. खाच बारीक होती, नखाएवढी. मी ती बोटानं चाचपून पाहिली, जणू काचेवर हाताला लागणार होती.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टर निवांत बसलेले बघून मी विचारलं, खांदा नेमका कसा निखळतो? डॉक्टरांना शिकवायची हौस. त्यांनी स्वतःचा हात वर केला, मागे नेला, "हे बघ, इथून पुढे सटकतो," म्हणाले. "शिकायची आवड आहे हो तुला." मी खूश झालो. पुढच्या सोमवारपासून मी तालमीत हप्ता घोटायला घेतला. हप्ता म्हणजे, समोरचा खाली हातागुडघ्यांवर असताना त्याच्या बगलेतून हात घालायचा, त्याच्या मानेवर पंजा रोवायचा आणि त्याचा हात वर उचलत मागे न्यायचा. जुना, सरळ डाव आहे. कुणी वावगं म्हणणार नाही. माझा तो कच्चा होता, म्हणून घोटत होतो. कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं आणि ते खरंही होतं.

आता मागे वळून बघतो तेव्हा घाम फुटतो तो यानं. कुठल्याच पायरीवर मी काही वाईट केलं नाही. दर पायरीला माझ्याकडे एक चांगलं कारण होतं. आणि रोज सकाळी हौद्यात उतरताना मी प्रार्थना करत होतो, की प्रभू, मला यश दे. त्या पाकिटाबद्दल मात्र मी त्याच्याशी एकदाही बोललो नाही. जे बोललो नाही, तेच मी त्याच्यापासून लपवत होतो, हे कळायला पुढे वर्षं गेली.

जत्रा चैत्रात होती, कराडकडच्या एका गावी. ऊस गेलेल्या रानात फड बांधला होता. निघताना आईनं बजावलं, "फेटा आण. नारळ तिथंच कुणाला तरी देऊन टाक." देवीपुढचा नारळ तिला घरात नको होता. मी हसलो आणि म्हणालो, आधी जिंकू तर दे.

दुपार कलल्यावर हलग्या तापल्या आणि वस्ताद माझ्याकडे आले. "तुजी जोड बदलली रं," ते म्हणाले. "साताऱ्याकडचा हाय. अंगानं जड हाय तुज्यापरीस. संबाळून."

मी फडाच्या पलीकडे पाहिलं. तो लंगोट कसून उभा होता. त्यानं लांबूनच मला मान हलवली. मी समजलो, ओळख दिली. मग माझ्या मनात एक गार, स्वच्छ विचार आला: देवानंच हे माझ्या पुढ्यात आणून ठेवलंय. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही.

पंचांनी हातसलामी लावली. तो माझ्याहून सरस होता, हे पहिल्या पकडीतच समजलं. दोनदा त्यानं मला उचलून टाकला आणि दोन्ही वेळा मी वस्तादांच्या शिकवणीनं कुशीवर पडून सुटलो. माझा दम उसवायला लागला होता. मग तो टांग मारायला आत आला, त्याचा पाय मातीत सरकला आणि मी त्याच्या पाठीवर गेलो. तो हातागुडघ्यांवर, मी वर.

डावी बगल माझ्या हाताजवळ होती. डावीकडून हप्ता भरता आला असता. कुस्ती मारता आली असती की नाही कोण जाणे, पण भरता आला असता. त्यानं डावी बाजू दाबून धरली, कोपर बरगडीला चिकटवलं, सगळी ताकद तिकडं लावली. उजवा हात मात्र तसाच मोकळा, उघडा सोडला. मला वाटलं, चुकला.

एक श्वासभर मी थांबलो. तेवढा वेळ मला मिळाला होता. डाव अंगावर आला म्हणून आपोआप झालं, असं मी म्हणू शकत नाही. मी थांबलो, मला फिल्मवरची नखाएवढी खाच दिसली आणि मी उजव्या बगलेत हात घातला.

आवाज झाला नाही. माझ्या पंजाला तेवढं कळलं. आत काहीतरी जागा सोडून घसरलं. तो उताणा झाला. गर्दी उठली. पंचांनी माझा हात वर केला, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गुलालानं डोळे भरले. त्या सगळ्यातून मी खाली पाहिलं. तो उठून बसला होता, उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरलेला. ओरडला नाही. शिवी दिली नाही. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला रोजच्या ओळखीचा रस्ता अचानक सापडेनासा व्हावा, तसा तो बघत होता. काहीतरी विचारल्यासारखा.

तो काय विचारत होता, हेच मला पुढची चार वर्षं कळलं नाही.

आईनं फेटा बघितला आणि ती रडली. रविवारी तिनं चर्चमध्ये उपकारस्तुतीचं पाकीट टाकलं. आमच्याकडे कुणी बाळंतीण सुखरूप सुटली, कुणी परीक्षेत पास झालं, की दान टाकून देवाचे आभार मानतात आणि पाळकसाहेब ते मंडळीला वाचून दाखवतात. त्यांनी वाचलं, "मुलाला कुस्तीत मिळालेल्या विजयाबद्दल." मला उभं केलं. मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे मिटले आणि मिटल्याबरोबर तो छातीशी हात धरून बसलेला दिसला. मी डोळे उघडले, तर बाकांवरची सगळी माणसं डोळे मिटून बसलेली. त्या भरल्या चर्चमध्ये मी एकटाच डोळे उघडे ठेवून उभा होतो.

तो दवाखान्यात परत येईल म्हणून मी वाट बघत होतो. एक्स-रेच्या खोलीचं दार वाजलं की हातातलं टाकून बघायचो. तो आला नाही. पण खांदे येत राहिले. शेतात पडलेले, सायकलवरून घसरलेले, बैलानं ढकललेले. खांद्याखाली हात घातला की माझ्या पंजाला पुन्हा ते घसरणं कळायचं. समोर एखादी म्हातारी असायची, तिचं नुसतं सांधे धरल्याचं दुखणं, आणि मी घामाघूम. एकदा एका बाईनं विचारलं, "आवं, फोटू माजा काडताय का तुमचा?" बाहेर बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

ते पाकीट कपाटातच होतं. फेकवत नव्हतं, ठेववत नव्हतं. पावसाळ्यात दमट हवेनं फिल्मा एकमेकींना चिकटतात, म्हणून सगळी पाकिटं काढून वारा द्यावा लागे. दर पावसाळ्यात ते पाकीट माझ्या हातात यायचं. त्या फोटोतला खांदा अजून जागेवर होता. माझ्या हातात तो सांधा शाबूत होता आणि बाहेर, कुठंतरी साताऱ्याकडे, नव्हता. हे मला इतकं भयंकर वाटायचं, की एकदा मी अंधारखोलीत दार लावून बसलो आणि डॉक्टर हाका मारत असताना ओ दिली नाही.

कुस्ती मी सोडली. कंबरेचं निमित्त केलं. वस्तादांनी एकदाच विचारलं, "कंबर का मन?" मी म्हणालो कंबर. ते भोपळा तासत राहिले. प्रभुभोजनाला बसणंही सोडलं. भाकर आणि प्याला हातात घेण्याआधी पाळकसाहेब प्रत्येकाला स्वतःचं मन तपासायला सांगायचे, ते मला झेपेना. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ड्यूटी मागून घेऊ लागलो. आमच्याकडे प्रभुभोजन त्याच दिवशी असे. लोक म्हणायचे, पोरगा किती सेवाभावी आहे, बघा, सुट्टीसुद्धा घेत नाही. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका कुस्तीची गोष्ट आहे, तिच्यात झुंजताना सांधा निखळतो. ते वाचन निघालं की मी खोकला आल्यासारखं करून बाहेर जायचो.

आणि सगळ्यांत कठीण होती प्रार्थना. गुडघे टेकायचो आणि वाटायचं, समोर देव नाही, तो बसलाय, आणि मला काहीतरी विचारतोय.

दशक संपत आलं तेव्हा पाळकसाहेबांनी पाचगणीला तरुणांचं शिबिर ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत, एका शाळेच्या रिकाम्या वसतिगृहात. "मोहावर विजय," ते मला म्हणाले. "तुझ्याच भाषेत सांग. खेळातून सांग. पोरांना आमचं ऐकून कंटाळा आलाय." नाही म्हणायला मला कारण सापडेना.

मी बोललो. चांगला बोललो, त्याचंच दुःख आहे. कुशीवर पडायचं सांगितलं. तोड आधीच अंगात पाहिजे हे सांगितलं. मग माझ्या तोंडून असंही निघून गेलं, की कुस्ती फडात हरत नाही. ती आधीच, एकटं असताना, कुणी बघत नसताना हरलेली असते, फडात नुसता निकाल लागतो. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जे मी स्वतःशी बोललो नव्हतो, ते मी परक्यांना शहाणपण म्हणून वाटत होतो. शेवटी सगळे उठून उभे राहिले आणि माझ्यासाठी प्रार्थना झाली. पुन्हा माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांबरोबर मी मिरजेपर्यंत गेलो नाही. साताऱ्याला एस.टी. बदलली आणि त्याच्या गावच्या फाट्यावर उतरलो. गाव मला पाठ होतं. फडात पुकारलं होतं आणि दवाखान्याच्या रजिस्टरात मीच लिहिलं होतं. काय बोलायचं ते मी बसमध्ये दहा वेळा जुळवलं. माझं चुकलं. मी मुद्दाम केलं. मला क्षमा कर. एवढंच. त्यानं मारलं असतं तरी चाललं असतं. खरं तर मारावं असंच मनात होतं.

पैलवान कुठं राहतात विचारलं, तर एक म्हातारा म्हणाला, "गिरनीवाला व्हय? त्यो काय समोर."

पिठाची गिरणी होती. पट्टा फडफडत होता, बाया डबे घेऊन रांगेत बसल्या होत्या. तो पिठानं पांढरा झालेला. डाव्या हातानं दळणाचा डबा उचलून वर ओतत होता. उजवा हात बाजूला लोंबत होता आणि सदऱ्याच्या बाहीत काही आहे की नाही, अशी शंका यावी इतका बारीक झाला होता. छाती तेवढी तशीच होती.

त्यानं मला लगेच ओळखलं. गिरणी बंद केली. बाया कुरकुरल्या. "थांबा वाईच," तो त्यांना म्हणाला. "पावनं आल्याती." मग आतून दोन चहा मागवले आणि पोत्यावर मला जागा केली.

मी म्हणालो, "हात..."

"हाडवैद्यानं तितंच वढून बशिवला. बसला, पर नस दबली म्हनं. भरतीला गेलो हुतो की मी. सायबानं हात वर कर म्हटलं. खांद्याच्या वर जाईना." तो कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं सांगत होता.

मी जुळवलेलं सगळं बोललो. वाकडंतिकडं, रडत. फोटो पेटीवर लावून बघितला, हप्ता मुद्दाम घोटला, उजवीकडे मुद्दाम गेलो, सगळं. आणि शेवटी म्हणालो, देवानं माझी परीक्षा घेतली, तुला माझ्यासमोर आणून उभं केलं आणि मी नापास झालो.

तो चहाचा कप हातात धरून ऐकत होता. शेवटच्या वाक्याला त्यानं मान वर केली.

"देवानं न्हाई वो," तो म्हणाला. "मीच मागून घेतलं तुमाला."

मी कप खाली ठेवला.

"पंचांनी मला सांगलीच्या येकाशी लावलं हुतं. त्येला माज्या खांद्याचा वास लागला हुता, त्यो मोडूनच ठिवनार हुता. आन् तुमी दिसला. मी पंचाच्या हातापाया पडलो, म्हटलं मला त्यो मिरजंचा द्या." तो थोडा हसला. "म्हटलं, ह्येला ठावं हाय. किरिस्ताव मानूस, येकदा न्हाई म्हटला म्हंजी न्हाईच. समद्या फडात ह्यो येकटाच असा, जो त्या हाताला हात लावायचा न्हाई. म्हनून तर डावी बाजू राकत बसलो. उजवीकडं तुमी हायसा म्हनून निवांत हुतो."

गिरणीच्या दारात एक बाई डबा वाजवून म्हणाली, "आटपा की वो." तो उठला. त्याला राग आला असता, त्यानं हात उचलला असता, तर मी ते घेऊन घरी गेलो असतो. माझ्याकडे येताना मोह लपून आला, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत होतो. प्रत्यक्षात माझ्याकडे एक माणूस आला होता, माझ्या देवाच्या भरवशावर, उजवा हात उघडा टाकून.

त्यानं डाव्या हातानं पट्टा चढवला. मग चालू करण्याआधी थांबून विचारलं, "चर्चात जाता का अजून?"

"जातो," मी म्हणालो.

"जावा," तो म्हणाला. "त्येच्यावर माजा राग न्हाई." आणि त्यानं गिरणी सुरू केली.